हिरालाल सेठचा तापलेला डबा

१२ मे, मंगळवार

आज खेळता खेळता डबा, म्हणजे कॉम्प्युटर, बंद पडला. लाइट होती, डोक्यावरचा पंखा फिरत होता, फक्त डबा मेला. वरच्या जाळीला हात लावला तर चटका बसला. गुढियारीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या विशालला फोन केला. तो म्हणाला, "अंकल, कब बंद होता है, उस टाइम क्या चल रहा था, सब लिख के रखो." बरं आहे. मालगाडीचा गार्ड म्हणून नोकरी झाली, गाडी कुठे उभी राहिली आणि का उभी राहिली हे लिहिण्यातच जन्म गेला. जानेवारीपासून रिटायर आहे, हाताला खाज होतीच.

तर बंद पडला तेव्हा मी टेकडीमागे गोळी लागून पडलो होतो आणि सावजी मला उचलायला धावत येत होता.

ही वही दुसरं कोणी वाचणार नाही, म्हणून सरळच लिहितो. सावजी म्हणजे माझा मुलगा, यशदीप. खेळात त्याने हे नाव घेतलंय, डब्यावर त्या नावाचं स्टिकरही चिकटवलंय. डबा त्याचाच. एकेक भाग आणून स्वतःच्या हाताने जोडलेला. काचेचं दार, आत रंगीत दिवे, लग्नाच्या मांडवासारखा सगळा थाट. मी त्याच्यासाठी इथल्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलच्या ऑफिसात शब्द टाकून ठेवला होता. हा पहिल्याच दिवशी गेला नाही. म्हणे, मला खेळ तपासायची नोकरी मिळणार आहे. खेळ तपासायची! मी बोललो ते बोललो. जायचं तर जा, मग मी बोलावल्याशिवाय येऊ नको, असंही म्हटलं. बाप आहे, म्हणणारच. तो एक बॅग घेऊन हैदराबादला निघून गेला, डबा इथेच राहिला. त्याला आता दीड वर्ष झालं. आईला दर रविवारी फोन करतो. भावना फोन घेऊन गच्चीवर जाते आणि मी खाली पेपर वाचतो.

रिटायर झाल्यावर रिकामपण खायला उठलं, तेव्हा एक दिवस डबा लावून पाहिला. खेळ होता तिथेच होता. मी नवीन नावाने आत शिरलो आणि सावजीला जोडीदार होतोस का म्हणून निरोप धाडला. नाव घेतलं हिरालाल सेठ, पंडरी बाजारातले कपड्याचे व्यापारी. आमच्याकडच्या लग्नांचे बस्ते त्यांच्याच दुकानातून यायचे. सावजीलाही मी तेच सांगितलं, कपड्याचं दुकान आहे म्हणून. तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसातला आम्ही दोघं बेटावर उतरतो. बोलणं सगळं हिंदीत, टाइप करून, माझं एका बोटाने. मला गोळी लागते, मी गुडघ्यावर पडतो, तो येऊन एक बटण दाबून धरतो आणि मला उठवतो. रोज उठवतो. कोणाला उठवतो आहे याचा पोट्ट्याला पत्ताही नाही.

भावनाला वाटतं, मी पेन्शनचं काम कॉम्प्युटरवर शिकतो आहे.

काल त्याचा वाढदिवस झाला. हिने शिरा केला, दोघांनी मुकाट्याने खाल्ला. मी बाजारातून आलो तर डब्याच्या टेबलावर देवघरातलं तबक तसंच पडलेलं. हल्ली ही कुठे काय ठेवते याचा हिला पत्ता नसतो. उचलून जागेवर ठेवलं.

१३ मे

पुन्हा तेच. सावजीने आधी विचारलं, "सेठ, कल बीच में भाग गए?" मी लिहिलं, मशीन गरम हो गई. तर म्हणतो, "इतना पैसा कमाते हो, एक एसी लगवा लो." मी लिहिलं, "ऑल राइट" आणि उतरलो. हे मी रोजच लिहितो. गार्डने ऑल राइट दिल्याशिवाय गाडी हलत नाही, ती सवय जात नाही. धड नदीही ओलांडली नव्हती, डबा बंद.

तो बेटावर एकटाच राहिला असेल. असं चालू राहिलं तर दुसरा जोडीदार शोधेल. शोधायलाच पाहिजे, मी असतो तर शोधला असता.

१५ मे, शुक्रवार

डबा मांडीवर घेऊन ऑटोने विशालकडे गेलो. विशाल आपल्याच लोकांतला, आजोबा अमरावतीचे, पण इकडे हिंदी मुलखात वाढलेला, मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत. त्याने डबा टेबलावर आडवा निजवला, काच काढली आणि ब्लोअर मारला. काय धूळ निघाली! काळी, चिकट, उरलाच्या भट्ट्यांची. गच्चीवर पापड वाळत घातले की तासाभरात त्यांच्यावर बसते तीच. विशाल नाकाला रुमाल लावून म्हणाला, "अंकल, आपका फेफड़ा भी ऐसा ही होगा."

त्याने स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा बसवून दिला. आत प्रोसेसर म्हणून एक तुकडा असतो, सगळा विचार तो करतो, त्याचा ताप त्या आकड्यात दिसतो. शंभराच्या जवळ गेला की जीव वाचवायला मशीन आपणच बंद होते. दुकानात किती वेळ चालवून पाहिलं, आकडा साठाच्या वर गेला नाही. "हव अंकल, हो गया," म्हणाला. मी जिंकल्यासारखा घरी आलो, डबा टेबलावर उभा केला, साडेसातला लावला. सत्तर. पंचाऐंशी. शहाण्णव. बंद.

 भावना विचारत होती, "काय झालं जी? पेन्शन अटकली काय?" मी तिच्यावर ओरडलो.

१८ मे, सोमवार

विशालचं म्हणणं, दुकानात एसी आहे, घरात नाही, बाकी काही दोष नाही. "अंकल, इस गर्मी में आदमी का दिमाग बंद हो जाता है, ये तो मशीन है." पटलं. बाहेर पंचेचाळीस आहे, भिंतीसुद्धा गरम लागतात.

घरात कूलर एकच, आमच्या खोलीतला. तो ओढत आणून डब्यासमोर लावला. ताजी खस, टाकीत बर्फ, पूर्ण जोर. भावनाला म्हटलं, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "न्या. मले पंख्यातही झोप लागते." काहून लागून राहिला एवढा जीव त्या डब्याले, असं तिने विचारलं नाही. मला वाटलं होतं विचारेल.

आज आकडा थोडा सावकाश चढला. तेवढ्या वेळात सावजीने सांगितलं ते असं: "सेठ, ३१ तारीख के बाद मेरा गेम बंद. ये कॉम्प्युटर रूममेट का है, वो उस दिन शिफ्ट हो रहा है. अपना लेने का अभी जुगाड़ नहीं."

मी विचारलं, फिर कब?

"पता नहीं सेठ. शायद नहीं."

मी एका बोटाने उत्तर टाइप करेपर्यंत आकडा शंभराजवळ पोचला आणि स्क्रीन काळी झाली. त्याचा डबा इथे माझ्यासमोर आहे आणि तो दुसऱ्याच्या डब्यावर खेळतो आहे. ३१ म्हणजे पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी.

१९ मे

डबा सुरूच होत नाही. बटण दाबलं की आत दिवे एकदा लागतात आणि जातात. काचेवर आतून दव धरलं आहे. कूलरने हवेबरोबर पाणी फेकलं. माझ्यासारखा गाढव मीच. जन्मभर रेल्वेत वावरलो आणि विजेच्या वस्तूवर रात्रंदिवस ओली हवा सोडली.

विशाल फोनवर ओरडला, "अंकल, मार डाला आपने!" मला खरंच तसं वाटलं. 

२१ मे, गुरुवार

डबा दोन दिवस पंख्याखाली सुकवतो आहे. ओला फोन तांदळाच्या डब्यात ठेवतात म्हणे. मी भावनाला म्हटलं, याला ठेवायचं तर तांदळाचं पोतं लागेल. ती म्हणाली, "तांदूळ घालाचा काय त्यात? चालते?" तिला विनोद कळत नाही.

दोन दिवस साडेसात वाजले की जागेवर बसवत नाही. आज तिने खिचडीचं ताट पुढे ठेवलं आणि हळूच म्हणाली, "तो यशू म्हणत होता, त्याच्या खेळातला एक म्हातारा दोन दिवस आला नाही. त्याले काळजी वाटून राहिली." मी मान वर न करता म्हटलं, "मग मी काय करू?" पण ऐकून बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की दुसऱ्यांदा खिचडी घेतली. आज रविवार नव्हता, तरी तो फोन कधी आला हे विचारायचं मात्र राहिलं.

२४ मे, रविवार

सुकल्यावर सुरू झाला, पण ताप तोच. पुन्हा ऑटो, पुन्हा विशाल. त्याने प्रोसेसरवरचं जुनं मलम खरवडून नवीन लावलं. टूथपेस्टसारखं असतं, ताप वाहून नेतं म्हणे. टेबलावर निजवून चालवलं, आकडा अठ्ठावन्न. मी त्याला म्हटलं, एसी बंद कर. त्याने केला. आम्ही दोघं घामाने निथळलो, पण आकडा हलला नाही. घरी आणून उभा केला, शहाण्णव.

विशालने हात टेकले. म्हणाला, बोर्ड गेला असेल, नाहीतर प्रोसेसर. दोन्ही नवीन टाका, मागवायला पंधरा दिवस लागतील. पंधरा दिवसांनी टाकून करू काय? मी म्हटलं, "मले एक आठवडा पाह्यजे, फक्त एक." तो म्हणाला, "अंकल, पेन्शन का काम मेरी दुकान से कर लो ना." त्याला काय सांगणार!

भावना गच्चीवरून बोलून आली. डोळे लाल होते. मी पेपर उलटा धरला होता हे ती गेल्यावर लक्षात आलं.

२७ मे, बुधवार

दोन दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काय आहे? दिवसाला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. मी उतरतो, पडतो, तो येईपर्यंत इकडे अंधार. काल तो अगदी जवळ पोचला होता. मी स्क्रीनला हात लावून थांब थांब म्हणत होतो.

आज दुपारी फोन हातात घेतला. नंबर आहे माझ्याकडे, पाठ आहे. पण फोन केला की मी बाबा आणि तो मुलगा. मग त्या दिवसाचं बोलणं आलं, त्याचं आलं, माझं आलं, आणि मी काही वाकणाऱ्यातला नाही. तोही माझाच आहे. इथे तसं नाही. इथे मी पडतो आणि तो धावत येतो, कारण विचारत नाही. "सेठ, सँभल के," म्हणतो. घरात इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी इतकं नीट बोललो नाही. परवा मला विचारत होता, "सेठ, आपका लड़का है?" मी लिहिलं, है, बाहर है. "बात होती है?" मी लिहिलं, रोज. खोटं नव्हतं ते.

रविवारनंतर हे संपलं. मला आता दुसरं काही नको. एक संध्याकाळ पूर्ण मिळावी, मध्ये न तुटणारी. मी त्याला काही सांगणार नाही, खरं नाव नाही, नातं नाही. नुसतं त्याच्याबरोबर त्या बेटाच्या टोकापर्यंत चालत जायचं आहे.

हे लिहिताना रडू आलं. भावना आत आली, मी डोळ्यांत धूळ गेली म्हटलं. ती म्हणाली, "हव, उरलाची आहे, जातेच." पदराने टेबल पुसून गेली.

२९ मे, शुक्रवार

आज खेळायचं राहूनच गेलं. उतरल्या उतरल्या सावजी म्हणाला, "सेठ, गोली छोड़ो. पेड़ के नीचे बैठो. मशीन का बताओ, जल्दी." आणि एकेक विचारत गेला. मी कोपऱ्यातल्या आकड्याकडे एक डोळा ठेवून टाइप करत होतो. 

"दुकान पे ठीक, घर पे गरम?"

हाँ.

"दुकान में लिटा के चलाया था कि खड़ा करके?"

मी आठवलं. लिटा के. दोनों बार.

"और घर में खड़ा. मतलब अंदर कोई चीज़ ढीली है. खड़ा करते ही नीचे आके पंखे में फँसती है. रंगीन पंखे नहीं. बीच में जो चाँदी का बड़ा ब्लॉक है, उससे चिपका काला पंखा. बाहर से दिखता ही नहीं वो."

मी थक्क झालो. रंगीत पंखे आहेत, मध्ये चंदेरी ठोकळा आहे, हे मी कधी सांगितलंच नव्हतं. पोट्टा काय हुशार आहे! घरबसल्या हैदराबादहून सगळं ओळखलं.

"ऊपर की जाली पे काला वाला फ़िल्टर लगा है ना?"

मी वर पाहिलं. नुसती जाळी, भोकं चांगली तुरीची डाळ जाईल एवढी. लिहिलं, नहीं है.

"टेबल की नीचे वाली दराज़ में देखो, सेल-वेल के डिब्बे के पीछे."

ड्रॉवर उघडला. खरंच होतं, सेलच्या डब्यामागे. बहुतेक सगळेच लोक ते तिथेच ठेवत असावेत.

आकडा नव्वदवर गेला. त्याने विचारलं, "कब से हो रहा है ये?"

बारह तारीख से.

 मग, "ग्यारह को घर में कुछ था?"

मी लिहिलं, लड़के का. मग पटकन पुसलं. लिहिलं, कुछ नहीं, शीरा बना था.

"अच्छा बना था?"

मीठा कम था.

"सेठ, मेन स्विच बंद करके काँच खोलना. पहले लोहे को हाथ लगाना. डरना मत, कुछ नहीं" इथपर्यंत आलं आणि स्क्रीन गेली.

३० मे

हिंमत झाली नाही. दोनदा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, दोनदा ठेवला. विशालने बजावून ठेवलं आहे, आत हात घालू नका, एक चुकीचा स्पर्श आणि संपलं.  मोडलं तर उद्याची पंधरा मिनिटंही गेली. नाही उघडलं तर पंधरा मिनिटंच. असा दिवसभर टेबलासमोर बसून राहिलो. संध्याकाळी डबा लावलासुद्धा नाही, तापायला नको म्हणून. भावना दोनदा दारात येऊन गेली. शेवटी म्हणाली, "उघडा ना. मी टॉर्च धरते."

मी म्हटलं, उद्या सकाळी.

३१ मे, रविवार

आज सगळं लिहितो, जसं झालं तसं.

आंघोळ करून बसलो. मेन स्विच बंद केला, अंगातली वीज उतरावी म्हणून लोखंडाला हात लावला. काच उतरवून भिंतीला टेकवली. भावनाने टॉर्च धरला. चंदेरी ठोकळ्यामागे बोट घालून तो काळा पंखा फिरवून पाहिला तर फिरेना. अडला होता. क्लिप सोडवून पंखा बाहेर काढला, तर त्यातून माझ्या तळहातावर काहीतरी पडलं.

तांदळाचे दाणे होते. लाल, कुंकवाचे. आणखी पाच-सहा पंखा आणि त्याची चौकट यांच्या मधल्या फटीत अडकले होते, डबा निजवला की मागे सरकणारे, उभा केला की खाली येणारे; तुपाचा हात लागलेले, वरून काळी धूळ.

मी भावनाकडे पाहिलं. 

"वाढदिवसाले ओवाळलं मी," ती म्हणाली. "दर साली ओवाळते त्याले. मागच्या साली नुसता फोनवर आशीर्वाद देला, ते मनाले लागून राह्यलं. या साली म्हटलं, तो नाही तं हे तं आहे त्याचं, हातानं बनवलेलं. कुंकू लावलं, ओवाळलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. अन् मग कुंकू पुसलं, तुम्ही हसान म्हणून. वरून उघडी जाळी आहे हे ध्यानातच नाही आलं जी. म्हणजे मीच बिघाडलं काय?"

एरवी मी किती बोललो असतो! गेल्या तीन आठवड्यांत तिच्यावर मी किती ओरडलो, तिचा कूलर नेला, आणि ती त्या उकाड्यात पंख्याखाली झोपली.  मी एकेक दाणा चिमट्याने काढून तबकात ठेवला. एकही खाली पडू दिला नाही. मग म्हटलं, "नाही बिघाडलं. निघाले ना सगळे."

तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "साडेसातले बसा तुम्ही. मी मिक्सर नाही लावत."

"तुले माहीत आहे?"

"पेन्शनच्या कामात कोणी 'मार, मार' म्हणून बोंबलते काय?"

पंखा बसवला, जाळीवर ड्रॉवरमधलं गाळणं लावलं, डबा उभा केला. साडेसातची वाट पाहवली नाही, सातलाच लावून ठेवला. आकडा पन्नास. बावन्न. तिथेच थांबला.

सावजी आला. मी लिहिलं, ऑल राइट. आम्ही उतरलो. नदी ओलांडली, टेकडी ओलांडली. इतक्या लांब आम्ही महिनाभरात आलो नव्हतो. मी दोनदा पडलो, त्याने दोनदा उठवलं. आकडा चोपन्नच्या वर जात नव्हता. मी हसत होतो, भावनाला म्हटलं, पाह्य, तो हिरव्या टोपीवाला तो. ती स्टूल घेऊन माझ्यामागे बसली होती.

पुलाजवळ पोचल्यावर त्याने विचारलं, "क्या निकला सेठ, पंखे में?"

खोटं लिहावंसं वाटलं. स्क्रू लिहिता आलं असतं. मी लिहिलं, चावल. लाल वाले.

 त्याचा माणूस पुलाच्या मधोमध उभा राहिला. चालेना, वळेना. समोरून गोळ्या सुरू झाल्या तरी हलेना. मी लिहिलं, हटो. लिहिलं, सावजी, हटो. गोळी लागली आणि तो गुडघ्यावर पडला.

जानेवारीपासून मी त्याला पडलेलं पाहिलं नव्हतं. कोणतं बटण दाबायचं तेही पटकन आठवेना. भावना ओरडली, "अहो जा ना!" मी धावलो. त्याच्याजवळ जाऊन बटण दाबून धरलं. वेळ लागतो त्याला, एक पट्टी हळूहळू भरते. गोळ्या माझ्या अंगावर येत होत्या, माझा जीव कमी कमी होत होता, पण बटण सोडलं नाही. पट्टी भरली. तो उठला.

आम्ही पुलाखाली लपलो. मग त्याने लिहिलं, आणि या वेळी हिंदीत नाही.

"आईनं टाकल्या ना अक्षता?"

मी हो लिहायला बोट उचललं, तेवढ्यात त्याची दुसरी ओळ आली.

"बाबा, पंडरीचा सेठ दुकान उघडाच्या आधी ऑल राइट म्हणते काय?"

मी ते तीनदा वाचलं. कान तापले. कधीपासून, असं लिहायला गेलो तर बोट चुकलं आणि भलतंच उमटलं. त्याला कळलं.

"पहिल्याच दिवशी. बोललो असतो, तं तुम्ही उठून गेले असते."

खरं आहे. गेलो असतो.

भावनाचा हात माझ्या खांद्यावर होता, घट्ट. इतक्यात आणखी एक ओळ आली.

"जूनमध्ये चार दिवस सुट्टी आहे. येऊ काय?"

आकडा बावन्न होता. मी एका बोटाने, सावकाश, एकेक अक्षर तपासत दोन शब्द टाइप केले आणि पाठवले.

मागून भावना वाचत होती. म्हणाली, "असं काय लिहिता जी ऑल राइट? ये बाळा म्हणा ना त्याले."

मी म्हटलं, "त्याले समजते."